दाजींनी तिजोरी घरात घेतली

आमच्या दाजींइतका सावध माणूस निजाम सरकारच्या सगळ्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि एखादा झाला असलाच तर तो सावधपणे घरातच बसून राहिला असणार, म्हणून माझ्या कानावर आला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. युसूफ वडगावला त्यांची बरी शेती होती, चार बैल होते, तब्येत खणखणीत होती, आणि तरीही डोळे उघडल्यापासून हा माणूस आज आपल्यावर काय काय कोसळू शकतं याच विचारात असे. बाजेवरून पाय खाली टाकण्याआधी ते खालून काठी फिरवीत आणि मग अंमळ थांबत, म्हणजे साप असलाच तर त्याला निघून जायला सवड मिळावी. पायताण तीनदा आपटल्याशिवाय घालत नसत, आत विंचू असेल म्हणून. एकदा खरोखरच विंचू निघाला, आणि त्या मेल्या विंचवानं आम्हा सगळ्यांचं वाटोळं केलं. त्या दिवसापासून कुणी हसलं की दाजी एवढंच विचारीत, "इच्चू निघालता का न्हाई?" निघाला होता. आता काय बोलणार?

पळायचं नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. पळणारा पडतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा रानात गारा सुरू झाल्या तेव्हा गडीमाणसं, गुरं, कुत्रं सगळी गावाकडे धावली आणि दाजी डोक्यावर घमेलं पालथं घालून आरामात चालत आले. घमेलं आणलं कुठून, असं विचाराल तर ते आभाळ भरून आलं की बरोबरच असायचं. स्वतःच्या लग्नात ते घोड्यावर बसले नाहीत. घोडा पुढं चालवला आणि आपण बाशिंग सांभाळत मागून पायी आले. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी, डोळ्यांनी अधू बिचाऱ्या, घोड्यालाच ओवाळलं. अक्काला ही आठवण काढलेली आवडत नसे, म्हणून मी ती दर दिवाळीला काढत असे.

आणि मी काढणारच, कारण मी त्यांच्याच घरी वाढलो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. अक्का लग्न होऊन वडगावला आली ती मला कडेवर घेऊनच आली म्हणा ना. मी चिंचेच्या झाडावर चढलो की दाजी खाली घोंगडं पसरून उभे राहत. "उतर बे" असं एकदाही म्हणाले नाहीत. पोरगं चढणारच, हे त्यांनी कबूल केलेलं होतं. आपण खाली असलं पाहिजे, एवढंच त्यांचं मत. मी वर बसून मुद्दाम तास तास चिंचा खात असे आणि हा बाबा उन्हात घोंगड्याची दोन टोकं धरून उभा. तेव्हा मला त्याचं हसू यायचं, आता येत नाही.

तर तिजोरी. चोरांच्या भीतीनं दाजी अक्काच्या सोन्याच्या पाटल्या दर महिन्याला नव्या जागी लपवीत. चोर अक्काला धमकावतील म्हणून तिला सांगत नसत, आणि आपल्यालाही धरतील म्हणून स्वतः होईल तितक्या लवकर विसरून जात. एका संक्रांतीला पाटल्या सापडेनात. चूल सोडून सगळं घर उकरलं, मग चूलही उकरली. त्या निघाल्या थेट आषाढात, ज्वारीच्या कणगीच्या बुडातून. अक्का कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "हे बगा, एक तर तिजोरी आणा, न्हाईतर मी पाटल्या घालून अंगणात झोपते. येऊ द्या कोण येतंय ते." दाजी दुसऱ्याच दिवशी मोमिनाबादला गेले. तिथं एका कापसाच्या व्यापाऱ्यानं दुकान बंद केलं होतं आणि त्याची विलायती तिजोरी कुणी नेत नव्हतं, कारण ती कुणाला हलतच नव्हती. माणसाच्या छातीएवढी उंच, तीन बोटं जाडीचा पत्रा, पितळी मूठ. दाजींनी तीच घेतली. जी आपल्याला हलत नाही ती चोराला काय हलणार, हा त्यांचा विचार, आणि तो अगदी बरोबर होता.

ती आणायला त्यांनी चाँदभाईंना बोलावलं. चाँदभाई हमालांचे मुकादम. जिनिंगची यंत्रं हलवण्यात त्यांची हयात गेली होती. तिजोरीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "दाजी, आमी बॉयलर हलवले. ही तर डबी हाय डबी."

"डबी पायावर पडली तर?"

"कशी पडंल? आमी हाय की."

दाजींनी चाँदभाईंचा डावा हात हातात घेतला. त्याला तीनच बोटं होती. "मग ही दोन कुठं गेली?"

चाँदभाई हात सोडवून घेत म्हणाले, "अशाच एका डबीखाली गेली." त्यानंतर मात्र त्यांनी दाजींचं सगळं ऐकलं.

एका दिवसाच्या वाटेला आम्हाला तीन दिवस लागले, कारण दाजी गाडीच्या पुढं चालत रस्ता काठीनं ठोकून बघत होते. दारात आल्यावर त्यांनी गाडीच्या चाकांपुरते खड्डे खणायला लावले, म्हणजे गाडी खाली बसली आणि तिची फळी जमिनीला आली. तिजोरी उतरवायची गरजच पडली नाही, नुसती सरकवून बाभळीच्या ओंडक्यांवर घेतली. चाँदभाईंनी कानाला हात लावला. म्हणाले, "हे लई भारी केलं." दाजी खूश झाले, पण हसले नाहीत; हसताना लक्ष जातं.

आता दारातून आत अंगण, अंगणापलीकडे ओसरी, मग माजघर. माजघरात तिजोरी ठेवायची. अडचण होती ती अंगणातल्या पेवाची. पेव म्हणजे धान्य साठवायची जमिनीतली कोठी, आमच्याकडे दोन पुरुष खोल असते. या घरात ती होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठं होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दाजींचे आजोबा त्यांच्यासारखेच. त्यांनी लुटारूंच्या भीतीनं पेवाचं तोंड बुजवलं, वरून सारवलं, कुणालाही सांगितलं नाही आणि वारले. मग दाजींनी दोन दिवस सगळं अंगण काठीनं ठोकलं. ठोकायचे, कान लावायचे, पुन्हा ठोकायचे. शेवटी पेव उजव्या भिंतीलगत आहे असं ठरलं आणि डाव्या बाजूनं राखेच्या दोन रेषा मारून त्यांनी तिजोरीची वाट आखली. त्या रेषांच्या आत, तिजोरी हलत असताना, कुणीही पाय टाकायचा नाही.

"मग वडायची कुठून?" मी विचारलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा, तालमीत जाणारा, दंड फुगवून चालणारा.

"परसातून," दाजी म्हणाले.

आणि खरोखर तसंच! मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, तिजोरीला बांधून ओसरीवरून, माजघरातून, मागच्या दारातून परसात नेला. चाँदभाईंचे आठ हमाल तिथं भिंतीपलीकडे उभे. त्यांना तिजोरी दिसत नव्हती, तिजोरीला ते दिसत नव्हते. नाडा नुसता मुठीत धरायचा, हाताला वेढा घ्यायचा नाही, अशी सगळ्यांकडून शपथ घेतली. इशारा द्यायला अक्का माजघरात पितळी ताट आणि पळी घेऊन बसली. एकदा वाजलं की ओढा, दोनदा वाजलं की थांबा. हात-दीड हात तिजोरी सरकली की दोनदा ताट, मग चाँदभाई एकटे रेषांच्या आत जाऊन मागचा ओंडका पुढं आणून लावणार, बाहेर येणार, मग दाजी "झालं" म्हणणार, मग ताट. सगळं गाव दारात गोळा झालं होतं. कुणी म्हणालं, आरतीला प्रसाद काय हाय? दुपार टळेपर्यंत तिजोरी सात-आठ हात आली.

मला राहवेना. सगळ्या गावादेखत आपले दाजी हसं करून घेताहेत, याचीच मला जास्त लाज वाटत होती, हे खरं सांगतो. तेवढ्यात एक ओंडका तिरका झाला. ताट एकदा वाजलेलं, नाडा ताणलेला, तिजोरी डुगडुगतेय. दोन दणके दिले की ओंडका सरळ होईल, त्यात काय एवढं, म्हणून मी पहार उचलली आणि राखेच्या रेषा ओलांडून थेट तिजोरीच्या पुढं जाऊन वाकलो.

"दत्तूऽऽ!"

मी मान वर केली तर दाजी पळत येत होते. मी जन्मात त्यांना पळताना पाहिलं नव्हतं. धोतराचा सोगा सुटलेला, हातातली काठी टाकलेली, आणि हा पन्नाशीचा माणूस स्वतः मारलेल्या रेषा तुडवीत आला. माझा दंड धरून त्यांनी असा हिसडा दिला की आम्ही दोघंही ओसरीच्या पायरीवर जाऊन आदळलो. मी चिडून काही तरी बोलणार, तोवर पाठीमागं जमिनीनं एक मोठा उसासा टाकला. धूळ उठली. धूळ बसली तेव्हा अंगणात तिजोरी नव्हती. जिथं मी वाकलो होतो तिथं विहिरीसारखं काळं भोक होतं. दाजींनी दोन दिवस ठोकून ठोकून जी वाट पक्की ठरवली होती, ती आजोबांच्या पेवावरूनच गेली होती.

परसातले हमाल धावत आले. नाडा त्यांच्या मुठीतून सर्रकन निसटला होता. कुणी वेढा घेतला असता तर हात घेऊन गेला असता. त्यांतल्या एकानं अंगणाच्या चारी कोपऱ्यांत बघितलं आणि विचारलं, "तिजोरी कुठं गेली?" एक गडी दोर धरून खाली उतरायला निघाला, तेव्हा दाजी ओरडले, "थांब! आधी कंदील सोडा." पेटता कंदील दोरीनं खाली सोडला. पुरुषभर खाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. कोंडलेल्या पेवातली हवा माणसाला दोन श्वास घेऊ देत नाही. दाजी तसेच धुळीत बसले, माझे पाय चाचपले, हात चाचपले, डोक्यावरून हात फिरवला, आणि मग माझ्या थोबाडीत अशी वाजवली की दारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेली. आयुष्यात त्यांनी मला मारलं ते तेवढंच. नंतर ते रडायला लागले. मीही रडलो, सगळ्या गावापुढं, आणि तेव्हा मात्र मला लाज वाटली नाही.

अक्का ताट हातात घेऊन बाहेर आली. तिनं भोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दाजींकडे बघितलं. "भाकरी झाल्यात," म्हणाली. "सगळे जेवून घ्या." पण म्हणताना तिच्या हातातली पळी ताटावर आपोआप वाजत होती.

पुढं महिनाभर गावानं दाजींची भरपूर थट्टा केली. दाजी शांतपणे सांगत, "घरात आणायची हुती, आणली. वर ठिवायची का खाली, ते आमी बगून घिऊ." चाँदभाईंनी ती फुकट वर काढून देतो म्हणून निरोप धाडला. दाजींनी उलट निरोप पाठवला, की सुखरूप पोचलीय, माणसंही सगळी सुखरूप हायेत, आता तिला कावून, म्हणजे कशाला, छेडायची? पेवावर दगडी फाड्या बसवल्या, अंगण सारवलं. तिजोरीची किल्ली त्यांनी अशा जागी ठेवली की ती आजतागायत मिळालेली नाही, आणि अक्का पाटल्या हातातच घालू लागली.

त्या दिवशीचं जेवण मात्र मी विसरत नाही. दाजी माझ्या शेजारी बसले. उजव्या हातानं जेवत होते आणि डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. पंगत उठेपर्यंत सोडलं नाही. हमालांतलं कुणी हसलं नाही, चाँदभाईंनी माझ्या ताटात भाकरी मोडून दिली, कारण माझा एक हात दाजींकडे होता. मी त्यांना काही तरी बोलायला हवं होतं. बोललो नाही, उद्या बोलू म्हटलं, आणि मग दर दिवाळीला घोड्याचीच गोष्ट सांगत राहिलो.

पंधरा-सोळा वर्षांनी, भाद्रपदात, दाजी आजारी असल्याचा निरोप आला. साधा ताप, पण उतरत नव्हता. मी तेव्हा मांजरेच्या पलीकडे राहायला गेलो होतो. नदी दुथडी भरलेली, नाव बंद. मी एका भोपळ्याला धरून पोहत आलो आणि तसाच ओलाचिंब त्यांच्या बाजेपाशी जाऊन बसलो. त्यांनी डोळे उघडले.

"नदीला पाणी आसंल की," म्हणाले. "कावून आलास बे?"

"न्हाई दाजी. घोट्याएवढं बी न्हाई."

त्यांनी हात लांब केला. माझ्या बाहीवरून, छातीवरून, गळणाऱ्या केसांवरून तो हळूहळू फिरवला. मग मान वळवून अक्काला म्हणाले, "ह्याला कोरडं धोतर दे. आन् पाणी उतरल्याबिगर जाऊ देऊ नगंस."

पाणी चौथ्या दिवशी उतरलं. तोवर दाजी राहिले नव्हते, आणि त्यांचंच धोतर नेसून मी ती नदी पायी, एक एक पाऊल चाचपत, पार केली.