मी ठेवलेला सवाल

आमच्या ह्यांनी रविवारी घरी थांबणं सोडलं, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. जालन्यातल्या शाळेत मास्तर होते ते. रविवारी पहाटेच पायजमा-सदरा चढवायचे, अंबडवरून तीर्थपुरीकडं जाणारी एसटी धरायचे अन् दिवस बुडता बुडता परत यायचे. विचारलं की म्हणायचे, "बैठकीला गेल्तो." कसली बैठक? "बसतो, बोलतो." कुणाजवळ? "कुणाजवळ म्हणजे? सगळ्यांजवळ." असली उत्तरं ऐकून बाईचं डोकं ठिकाणावर राहील का, तुम्हीच सांगा.

मी आधीच पोळलेली होते. आमच्या लोकांनी धम्म घेतला, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांनी चीवर घेतलं, भिक्खू झाले अन् घर सोडलं. मी तेव्हा आईचा पदर धरून चालायच्या वयाची. लोक आईला म्हणायचे, केवढ्या त्यागी माणसाची बायको तू! अन् ती माउली दिवसभर सडकेवर खडी फोडायची. त्याग कुणी केला अन् कुणाला भोगावा लागला, हे एकानंही विचारलं न्हाई. एकदा वडील गावच्या विहारात आल्ते. मी "बाबा" म्हणत पळत गेले. त्यांनी सगळ्यांना म्हटलं तसंच मलाही "सुखी हो" म्हटलं अन् पुढच्या माणसाकडं वळले.

म्हणून आमच्या ह्यांनी रात्रीचं जेवण कमी केलं, तेव्हा मला भिक्खूंचं एकवेळचं जेवण आठवलं. थंडीचा कोट शाळेतल्या शिपायाला देऊन टाकला, तेव्हा मी भांडले. अन् एका संध्याकाळी हे पोरीला मांडीवर घेऊन बसल्ते, तर अगदी सहज म्हणाले, "माणसाला घर असावंच, असं कुठंय?" माझी तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, तरी मला वास आला न्हाई.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगितलं. त्या भडकल्याच. "तुझ्या सासऱ्यानं धम्म घेताना देवाचे टाक गंगेत सोडले, ते काय ह्यानं बुवाच्या पायाशी बसावं म्हणून? जा, तू सोता जाऊन बघ. पोरीलाबी ने. तिच्याकडं बघून तरी लाजंल." आमच्या मस्तगड मोहल्ल्यातली मारवाडी शेजारीण तर भिंतीवरून वाकून हळूच म्हणाली, "तिथं परसादात कायतरी देतात म्हणे, बहनजी. माणूस भुलतो बिलकुल." झालं! मी फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी भरलं अन् ठरवलं, तिथला पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा न्हाई.

ह्यांना म्हटलं, मी पण येते. वाटलं, टाळतील. तर म्हणाले, "चल की!" इतक्या आनंदानं म्हणाले की मला जास्तच भ्या वाटलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाल्ती. फाट्यावर उतरलो अन् कपाशीच्या बांधावरून चालत निघालो. मनात नको नको ते येत होतं. एखादा जटावाला असेल, धूप असेल, ह्यांना पुढं बसवून डोकं भादरतील. पोरीचा हात मी इतका आवळला की ती रडायला लागली.

पण मळ्यात कडुनिंबाखाली नुसतं पत्र्याचं शेड. आत ना फोटो, ना मूर्ती, ना गादी. पोत्यांवर गोल करून माणसं बसल्ती. धोतरातले शेतकरी, एक मुसलमान शिंपी, डोक्यावरून पदर घेतलेली एक जैन आजी, आमच्यातली दोन-चार माणसं. कुणाच्या पायाशी बसावं म्हटलं तर तशी सोयच न्हाई. एका बाईनं आपल्या पोत्याची कड माझ्याकडं सरकवली अन् म्हणाली, "बसा ताई." कोण तुम्ही, कुठले, कोणत्यातले, काही विचारलं न्हाई. खरं सांगते, जात विचारली असती तर बरं वाटलं असतं. कुठं बसायचं, किती बोलायचं, ते तरी कळलं असतं.

चहा आला. मी नको म्हटलं. पण पोरगी कसली ऐकते, तिनं बशीभर ओढला. मी आपली बराच वेळ तिचे डोळे बघत बसले, भुलली का काय म्हणून! पोरगी पोत्यातलं सूत उपसत बसली, एवढंच.

मंग पांढऱ्या मिशांच्या एका आजोबांनी मला तिथली रीत सांगितली. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून एक सवाल ठेवायचा. त्या दिवशी त्याला कुणी उत्तर द्यायचं न्हाई. हप्ताभर तो सवाल सगळ्यांनी घरी न्यायचा, अन् पुढच्या रविवारी ज्याला काही सुचलं त्यानं बोलायचं. बोलताना सुरुवात मात्र "मला आज असं वाटतं" अशीच करायची. "का म्हणाल तर," आजोबा म्हणाले, "उद्या येगळं वाटलं तर तेबी सांगाया तोंड पायजे."

शिंप्यानं सवाल ठेवला, नमाज पढताना ध्यान दुकानात असलं तर ती नमाज पोचते का? एका बाईनं विचारलं, सासूला माफ करायची इच्छाच होत न्हाई, तर करावंच लागतं का? प्रत्येक सवालानंतर सगळे गप्प. ती शांतता माझ्या अंगावर यायला लागली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर असं समाधान, की घरी कधी दिसलं न्हाई. तिथंच माझा धीर सुटला.

मी उठले. म्हटलं, "माझा नवरा घर सोडून जाणार हाय का?"

हे जमिनीकडं बघत राहिले.

"बोला की! तुम्हाला विचारून राह्यले मी!"

आजोबा हळूच म्हणाले, "ताई, आज न्हाई. पुढच्या रविवारी."

"अहो, माझ्या नवऱ्याला विचारलंय मी, तुमच्या सभेला न्हाई!"

"पण ठेवला इथं ना, ताई."

मी ह्यांच्याकडं बघतच राहिले. वाटलं, आता उठतील, येडी का काय म्हणतील, बराबर उत्तर देतील. पण हे उठलेच न्हाईत. एसटीत न्हाई, घरी न्हाई, एक अक्षर बोलले न्हाईत त्यावर. घरी चुलीपुढं विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, हे मला तेव्हा कळलं. माझीच अक्कल, दुसऱ्या कुणाला बोलू!

तो हप्ता मी कसा काढला, ते माझं मला ठाऊक. सोमवारी ह्यांनी स्टोव्हचा वायसर बदलला. मंगळवारी पावसात गळणारा पत्रा खिळे मारून पक्का केला. मंग ज्वारीचं पोतं आणून कोठीत भरलं, पोरीला शाळेत कुणाकडं न्यायचं ते आत्याबाईंना समजावून सांगितलं. आत्याबाई खूश, "बघ, घरात लक्ष लागलं त्याचं." मला मात्र उलटंच वाटलं. जाणारा माणूसच असं आवरून-सावरून ठेवतो! माझ्या वडिलांनीही जायच्या आधी घराची भिंत लिंपल्ती, असं आई सांगायची. मी ह्यांची कापडाची पिशवी धान्याच्या कोठीमागं लपवली. पिशवीवाचून माणूस जायचा थांबतो का, पण भीतीला कुठं एवढं कळतं.

रविवारी परत गेलो. इतरांच्या सवालांवर लोक काय बोलले, मला एक शब्द आठवत न्हाई. मंग हे उभे राहिले. सदऱ्याची बाही धरून पिळत होते. म्हणजे हेही घाबरल्ते.

"मला आज असं वाटतं," ते म्हणाले, "की मी घर सोडून जाणार न्हाई."

माणसं खुलली. जैन आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. पोरीला काही कळलं न्हाई, तरी तिनं टाळ्या वाजवल्या. अन् मी उठून उभी राहिले.

"त्यातलं आज काढा," मी म्हटलं.

आजोबा हसले, पण वाईट न्हाई हसले. "ताई, ते इथं कुणालाच काढता येत न्हाई. माझ्या म्हातारीसंगं जल्म गेला, तरी तिच्याबद्दल बोलताना मीबी आजच म्हणतो."

परत फाट्यावर आलो. पोरगी ह्यांच्या खांद्यावर झोपल्ती. रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. मी म्हटलं, "आता इथं बैठक न्हाई, नेम न्हाई. आपण दोघंच. आता सांगा, जाणार न्हाई म्हणून. नुसतं तेवढंच सांगा."

त्यांनी लांब, एसटी यायची त्या बाजूला पाहिलं. डोळ्यांत पाणी आल्तं त्यांच्या. म्हणाले, "अगं, तिथं एक अन् इथं एक, असं बोलू का तुझ्याशी?"

एसटी आली. आम्ही चढलो.

ते कुठं गेले न्हाईत. पोरीचं लग्न केलं, रिटायर झाले, अन् गेले तेही घरीच, माझ्या हातून पाणी पिऊन. मीही पुढं कैक वर्षं त्या बैठकीला गेले, चहाही प्याले. माणसं चांगली होती, लबाड एकही न्हाई. पण शाळा सुटून अर्धा तास झाला अन् हे दिसले न्हाईत, की मी दारात उभी. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, किती जीव हिचा नवऱ्यावर! जीव होताच. पण दारात उभी करायची ती भीती. माणूस खरं बोलला, त्याला नावं कशी ठेवू? पण त्या दिवशी फाट्यावर ते माझ्यासाठी एवढं एक खोटं बोलले असते, तर माझा संसार सुखाचा झाला असता.