न जुळलेले रक्त

द्राक्षतोड संपली त्या आठवड्यात पेठकडचा एक तरुण मजूर नाशिकच्या द्वारका चौकातून बेपत्ता झाला. पुढे बेवारस मृतदेहांची ओळख पटवायला सरकारला मदत करणारे परदेशी संस्थेचे पथक शहरात आले. त्यांच्या शिबिरात त्याच्या आईने डीएनए चाचणीसाठी रक्त दिले. चांदवडजवळ हायवेवर सापडलेल्या मृतदेहाशी ते जुळले नाही. शिबिराच्या माझ्या बातमीत ‘अचूक पद्धत’ असे शब्द होते.

नंतर हवालदारासोबत त्याच्या पाड्यावर गेलो, तेव्हा कळले की रक्त देणारी ती त्याची चुलती. जन्मदाती बाळंतपणातच गेली होती.

हवालदार चिडला. “काकू, तेव्हाच सांगायचं ना!”

“काय सांगायचं? तान्हा होता तवापासून मी पाजलाय. आमच्या पाड्यात त्याला दुसरी आई कोणी सांगत नाय. तुमच्या गोऱ्या बाईनं हात धरला, सुई टोचली. इचारलं का कोणी?” मग म्हणाली, “जिता नसंल तर नसंल. मातीला तरी घरी आणा.”

कळवणला कांद्याच्या कामावर गेलेल्या वडिलांना बोलावून त्यांचे रक्त घेतले. ते जुळले. अहवाल आला त्याच्या नऊ दिवस आधी मृतदेहाचे बेवारस म्हणून दहन झाले होते.