उतरताना तपासलेला चढ

केळझरचा चढ मी उतरताना तपासला.

सायकलवर तो चढ चढून पाहायला गल्लीतल्या मंडळींनी मला धाडलं होतं. मी सायकल ट्रकवर टाकून वर गेलो, तिथून खाली सुटलो आणि घरी येऊन सांगितलं, "रस्ता झकास आहे." रस्ता झकास होताच. त्या दिशेनं.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या साली हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही वर्ध्याजवळ नालवाडीला राहत होतो आणि मी कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात कारकून होतो. आमच्या गल्लीत तोवर सहा-सात सायकली झाल्या होत्या, आणि ज्याच्या दारात सायकल, त्याला आपण कुठंतरी जायला पाहिजे असं सारखं वाटत असे. तेव्हा ठरलं की एका रविवारी केळझरच्या डोंगराकडे जायचं, वरच्या तळ्याकाठी गोवऱ्या पेटवायच्या आणि त्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे.

आदल्या साली आम्ही पुरुषांनीच जवळच्या एका शेतात रोडगे केले होते. कणीक मी मळली होती. रोडगे बाहेरून कोळसा झाले आणि आत कणीक तशीच. शेताच्या राखणीच्या कुत्र्यानं एक हुंगला आणि तो आमच्यापासून जरा दूर जाऊन बसला. म्हणून या खेपेला बायकांना न्यायचं, ज्यानं त्यानं आपली बायको कॅरियरवर बसवून न्यायची, असं ठरलं.

बायकांनी हे ऐकलं आणि त्याच दुपारी लुगडी ठरवली. माझी बायको लग्न होऊन आली त्याला वर्षही झालं नव्हतं. घर, विहीर आणि शुक्रवारचा बाजार, एवढाच तिचा वर्धा जिल्हा. तिनं तर ट्रंकेच्या तळातलं हिरवं लुगडं काढून उन्हात घातलं.

पण गल्लीत शेवटचा शब्द काकाजींचा. काकाजी म्हणजे समोरच्या घरातले, मिशा पांढऱ्या आणि पोटऱ्या लाकडाच्या. आदल्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा घ्यायला गल्लीतली बाकी मंडळी रेल्वेनं गेली. काकाजी सायकलनं गेले, मागे काकूंना बसवून. हे ते दर आठवड्याला एकदा तरी सांगत.

"चढावर बाईले उतरून चालवायची असंन, तं नेऊच नका," ते म्हणाले. "माह्यी बायको नागपूरपर्यंत बसून गेली. केळझरच्या चढावर तिचा पाय खाली लागला नाई. मले जमलं. तुम्हा पोट्ट्यायले जमते का, हे आधी एकानं पाहून या. जमत नसंन तं बायका घरी."

एकानं म्हणजे कोणी? सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. मी मात्र, का कोण जाणे, हात वर केला.

शुक्रवारी मी सायकलला ब्रेकचे नवे रबर बसवून घेतले. काकाजी तेव्हा दुकानाच्या फळीवर बसून बिडी ओढत होते, हे इथंच सांगून ठेवतो.

शनिवारी जिन अर्धा दिवस. मी खरोखर पायडल मारायच्या इराद्यानं निघालो होतो. पण फाटकातच कापसाच्या गाठी भरलेला आमचा ट्रक नागपूरला निघायच्या तयारीत उभा, आणि ड्रायव्हर ओळखीचा. त्यानं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "केळझर." तो म्हणाला, "टाक वर." यात माझा दोष कुठं आहे ते मला अजून नीट दाखवता आलेलं नाही.

गाठींवर उताणा पडून मी चढाची पाहणी केली. आभाळ स्वच्छ होतं. माथ्यावर उतरलो, तळं पाहिलं, चार बोरं खाल्ली आणि सायकलवर बसलो. मग काय सांगावं! वारा कानात, सदरा पाठीवर फुगलेला, आणि मी एकटाच मोठ्यानं ओरडत सुटलेलो. मध्ये एक जागा इतकी उभी होती की मी दोन्ही ब्रेक आवळून धरले तरी सायकल ऐकेना. तेवढ्या एका जागी मनात आलं, की याच्या उलट कसं जमेल? पण तोवर उतार पुढे घेऊन गेला आणि विचार मागे राहिला.

संध्याकाळी काकाजींच्या ओट्यावर सभा भरली. बायका दाराआड. मी सायकल टेकवून ठेवली आणि म्हटलं, "रस्ता झकास आहे. चढ कसला आलाय? लेकरूसुद्धा चढेल."

काकाजींनी बिडी विझवली. सायकलजवळ वाकले, रबरावरून बोट फिरवलं आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं. काळंकुट्ट.

"काऊन बे," ते शांतपणे म्हणाले, "चढतानी बिरेक लावत गेलता काय?"

ओटा हसून हसून खाली यायचा राहिला. मग ट्रक निघाला, ड्रायव्हर निघाला, गाठीसुद्धा निघाल्या. हसणं थांबल्यावर काकाजी म्हणाले, "आता बायका घरी," आणि दाराआडच्या बायका एकेक करून आपापल्या घरी निघाल्या. ते जाणं मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी बायकोनं भाकर वाढली, वरण वाढलं. हिरवं लुगडं घडी करून पुन्हा ट्रंकेवर ठेवलेलं होतं. ते आत जायचं की बाहेर, ते ठरलेलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "उद्या रविवार आहे. उद्या पुन्हा जा. मी बसतो मांगं."

"पडशील."

"पडीन तं पडीन. सहा घरच्या बाया मले विहिरीवर भेटतात, तुम्हाले नाई."

तिनं हे रात्रीच काकूंच्या कानावर घातलं, आणि सकाळी काकाजी त्यांची उंच सायकल घेऊन परीक्षक म्हणून हजर. अट एकच: माथ्यापर्यंत माझ्या बायकोचा पाय जमिनीला लागायचा नाही. लागला की सहल गेली. निरोपाला सगळी गल्ली उभी. मी ऐटीत हँडल धरलं आणि रोजच्या सवयीनं मागून टांग मारली. कॅरियरवर बायको आहे हे माझ्या पायाला कुठं ठाऊक? टांग तिच्या खांद्याला लागली, आणि आम्ही दोघं सायकलसह कुंपणावर.

"हे तं इथंच चढून राह्यले," कोणीतरी म्हणालं.

चढ अजून लागलेला नाही म्हणून काकाजींनी ते पडणं धरलं नाही. पुन्हा बसलो, या वेळी टांग पुढून टाकली. पवनारच्या पुलावर धाम नदीचं धुकं होतं. पुढं सेलूकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या, केळीच्या बागा. बायको मागून प्रत्येक गावाचं नाव विचारत होती. मी सपाटीवर उत्तरं दिली. केळझरच्या पुढं चढ लागला आणि माझी उत्तरं संपली.

एक कापसाची गाडी वरून येत होती. गाडीवान ओरडला, "काय बे, नवरी पळवून राह्यला काय?"

"पळवली असती तं इतक्या हळू गेले असते काय!" मागून माझी बायकोच म्हणाली. काकाजींची सायकल हसण्यानं रस्त्याच्या कडेला गेली.

आणि मग ती उभी जागा आली. मी उभा राहून पायडल दाबलं. पायडल खाली जाईना. सायकल थांबली, डुलली, आणि मी दोन्ही पाय खाली टेकले. संपलं, असं वाटलं. मागे वळून पाहतो तो बायकोनं लुगडं आवळून दोन्ही पाय पोटाशी घेतलेले, एका हातानं सीट धरलेलं.

"माह्ये पाय वर आहेत, काकाजी! पाहून घ्या!"

काकाजी तोवर स्वतःही खाली उतरले होते, ते आम्ही दोघांनीही पाहून घेतलं. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "अट बाईच्या पायाची होती," ते म्हणाले. "तुह्या पायाची नाई. ढकल."

मी ढकललं. मान खाली, हँडल छातीशी, आणि मागे बायको पालखीत बसावी तशी. "डावीकडे घ्या, गोटा आहे. आता उजवीकडे." जिनातल्या बड्या मुनीमानंही मला इतकं सरळ चालवलं नव्हतं. शेवटचं वळण संपलं, वारा तोंडावर आला, तळं चमकलं, आणि काकाजी ओरडले, "झालं! उतर पोरी!" तिनं पाय खाली टेकवले ते थेट माथ्यावर. मी तिथंच गवतात पडलो. माझ्या आयुष्यात मी काही जिंकलो असेन, तर ते गवत.

पुढच्या रविवारी गल्लीतल्या सगळ्या सायकली निघाल्या. प्रत्येकीच्या कॅरियरवर एक लुगडं, त्यात हिरवं सगळ्यात पुढं. कणीक, वांगी, पातेली हँडलांना. त्या उभ्या जागेला सगळे पुरुष एकामागून एक खाली उतरले आणि ढकलायला लागले, आणि बायका पाय वर घेऊन बसल्या. एकीनं गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. वरून येणारे गाडीवान गाड्या बाजूला घेऊन पाहत राहिले. काकाजीही उतरले होते.

काकू मागून निवांतपणे म्हणाल्या, "मांगच्या वर्षीबी हे इथंच उतरले होते."

माथ्यावर जो गलका झाला तो खाली केळझरात ऐकू गेला असेल. रोडगे आतपर्यंत भाजले होते. तूप ओतताना मी उभा राहिलो आणि म्हणालो की एवढा मोठा जथा न पडता, न झडता इथं आला, तेव्हा रस्ता पाहून ठेवणाऱ्याचं थोडं कौतुक व्हायला हरकत नाही.

बायकोनं माझ्या पुढ्यात रोडगा फोडला, तूप सोडलं आणि मान वर न करता म्हणाली, "तुमच्यापेक्षा शनवारचा टरक बरा. तो मधात थांबला नाई."