सुकलाल शिपायाच्या बातम्या

बासष्ट साली त्या गावात एकच रेडिओ होता आणि तो सुकलाल शिपायाच्या ताब्यात होता. सरकारनं ग्रामपंचायतीला दिलेली ती लाकडी पेटी. तिच्या बॅटरीला जपावं लागे म्हणून रोज संध्याकाळी तासभरच लावायची. पंचायतीच्या कपाटाची किल्ली सुकलालच्या करगोट्याला बांधलेली असायची. सरपंचानं मागितली तरी तो ती सोडून द्यायचा नाही. स्वतः उठून कपाट उघडायचा.

माणूस चाळिशीचा, काटक, एका डोळ्यानं किंचित तिरळा. ब्राह्मणपुरीच्या बाजूला त्याचं थोडंसं शेत होतं, ते भाऊ करायचा. हा पंचायतीची झाडलोट करायचा, दवंडी द्यायचा आणि बातम्या सांगायचा. ‘सांगायचा’ म्हणतो, कारण रेडिओ बोले शुद्ध मराठी आणि गाव बोले अहिराणी. रेडिओतल्या बाई किंवा बुवा बोलून थांबले की ओट्यावर बसलेले तीसचाळीस लोक सुकलालच्या तोंडाकडे बघत. मग तो घसा साफ करून त्याच बातम्या गावाच्या भाषेत सांगे.

मला त्याचा राग यायचा, हे आधीच कबूल करतो. मी नंदुरबारहून आलेला शाळामास्तर. गावचं टपालही माझ्याकडेच. शुद्ध बोलण्याचा मला केवढा ताठा! आणि हा चौथी नापास माणूस देशाच्या बातम्यांना वाटेल तसं तिखटमीठ लावणार, आणि लोक मान डोलावणार. आदल्या डिसेंबरात गोवा घेतला तेव्हा यानं सांगितलं, “गोवा आपला व्हई गया. फिरंगी बिस्तरा बांधीसन पळना.” फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत आले, जग बुडणार म्हणून गावोगाव होमहवन सुरू झाले. काही होणार नाही असं रेडिओ सांगत होता. सुकलालनं तेही सांगितलं आणि वर जोडून दिलं, “तरी पन घरमा दानापानी भरी ठेवा.” दोन दिवसांत वाण्याच्या दुकानातला गूळ संपला. जग जागच्या जागी राहिलं, तेव्हा याला कोणी जाब विचारला नाही. पुढं निवडणूक आली. मतदान कसं करायचं ते रेडिओवर सांगून झालं, तेव्हा हा म्हणाला, “मत कोनले देवानं ते रेडिओ नही सांगत, ते तुमनी बायको सांगी.” बाया पदराआड हसल्या. मलाही हसू आलं होतं, पण मी ते दाबलं.

ओट्याच्या पुढच्या कडेला रोज धनुबाई बसायची. गिरासे घरातली विधवा, पन्नाशी उलटलेली. तिचा एकुलता एक मुलगा रामसिंग फौजेत होता. गोव्याच्या लढाईत तो होता, आणि चैत्रात रजेवर आला तेव्हा त्यानं पिशवीभर काजू आणले होते. गावानं काजू पहिल्यांदा खाल्ले. त्याच रजेत त्याचं लग्न झालं. मुलगी दोंडाईच्याची, निर्मला, सतरा वर्षांची. महिनाभर संसार झाला आणि तो परत गेला. लढाई म्हणजे काय, याचं धनुबाईचं ज्ञान एवढंच होतं. मुलगा जातो, जिंकतो आणि काजू घेऊन येतो.

म्हणून ऑक्टोबरात चीननं हल्ला केला तेव्हा ती फारशी घाबरली नाही. दिवाळी आली आणि गेली. शहाद्याला संरक्षण निधी गोळा होत होता, बायका अंगावरचं सोनं काढून देत होत्या. धनुबाईनंही आपली एक पाटली दिली. पण नोव्हेंबर लागला, ईशान्य सरहद्दीवर, नेफात असलेल्या रामसिंगची पत्रं थांबली, आणि बाई हळूहळू जेवेनाशी झाली. दुपारी टपालाची पिशवी यायची, तेव्हा ती शाळेच्या दाराशी उभी असे. मी नुसती मान हलवायचो. मान हलवायला भाषा लागत नाही, म्हणून मला ते सोपं जायचं.

त्या महिन्याच्या अठरा-एकोणीस तारखेची गोष्ट. ओटा गच्च भरला होता. बायका नेहमीसारख्या पलीकडच्या भिंतीला, डोक्यावरून पदर घेऊन. रेडिओवर आवाज आला, की नेफा आघाडीवर शत्रूचा जोर फार असल्यामुळे आपल्या सैन्यानं माघार घेतली आहे. इतक्यात सुकलाल उठला. त्याचं तोंड उजळलं होतं.

“आपला जवान मांघे फिरनात,” तो म्हणाला. “घर कडे येई ऱ्हायनात.”

मग धनुबाईनं विचारलं, “म्हनजे रामसिंग येई?”

“येई ना, काकी. सगळाच येतीन.”

ओट्यावर एकच गलका झाला. कोणी तरी जयजयकार केला. सगळा देश ज्या बातमीनं सुन्न झाला होता, तिच्यावर आमच्या गावानं आनंद केला. मी कोपऱ्यात बसलो होतो. उभं राहून चार शब्द बोलायला मला काय झालं होतं? मी स्वतःला सांगितलं, की लोकांसमोर सुकलालचा पाणउतारा नको, सकाळी एकट्याला सांगू. खरं असं, की त्या बाईच्या तोंडावर ते बोलायची माझी छाती नव्हती.

सकाळी तो पंचायतीपुढं झाडत होता. मी म्हणालो, “सुकलाल, माघार म्हणजे हार. आपले लोक हरून मागं हटलेत. घरी कोणीही येत नाही.”

तो खराटा धरून तसाच वाकलेला राहिला. “मन्ही बहीन सासरथीन माघारी उनी, ती घरच उनी ना, गुरजी?”

“ते माघारी येणं. ही माघार घेणं. फरक आहे.”

त्याला तो फरक समजला हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो मटकन पायरीवर बसला. “मी हाई काय सांगी बठनू!” असं दोनदा म्हणाला. संध्याकाळी सगळ्यांसमोर चूक कबूल करतो म्हणाला. मला बरं वाटलं. आपलं काम झालं, असंच वाटलं.

संध्याकाळी धनुबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले. सुकलालला बघून म्हणाली, “आठ दिनमा आज घास उतरना, भाऊ.” येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ती गुळाचा खडा ठेवत होती. माझ्याही हातावर ठेवला. बातम्या झाल्या. त्या दिवशीच्या बातम्या आणखी वाईट होत्या. सुकलाल उठला, त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. आणि म्हणाला, “गाडीमा बसनात. सामान जास्ती शे, म्हनीसन उशीर व्हई ऱ्हायना.”

मी गुळाचा खडा तोंडात तसाच धरून बसलो.

पहिली चूक होती. हे खोटं होतं, आणि आता ते आमचं दोघांचं होतं. पुढं लढाई थांबल्याची बातमी आली, आपला मुख्यमंत्री दिल्लीला संरक्षणमंत्री झाल्याची आली. सुकलाल त्यातून रोज एक आगगाडी काढायचा. आज ती कलकत्त्याला पोचली, उद्या नागपूरला. धनुबाईनं घर सारवून घेतलं. एके दिवशी ती बैलगाडी जुंपून दोंडाईच्याच्या स्टेशनावर निघाली, तेव्हा सुकलाल रजा टाकून बरोबर गेला. तीन दिवस दोघं फलाटावर बसून होती. प्रत्येक गाडीला ती उठून सगळे डबे बघायची. परत आला तेव्हा त्याचे गाल आत गेले होते. “गुरजी, आते मी काय करू?” त्यानं विचारलं. आता हे खोटं कसं आवरणार, म्हणत मी त्याच्यावरच चिडलो.

डिसेंबरात, सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे निघाले होते त्या आठवड्यात, फौजेचा लखोटा आला. इंग्रजीत होता, पण मला तेवढं इंग्रजी येत होतं. रामसिंगचा अठरा नोव्हेंबरपासून ठावठिकाणा नाही, जिवंत असल्याची खबर नाही. मी तो लखोटा दोन दिवस शाळेच्या पेटीत ठेवला. तिसऱ्या दिवशी सुकलालला दाखवला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

“तुमनं बोलनं तिले समजाव नही,” तो म्हणाला. “मीच सांगस. तुम्ही फक्त संगे चला.”

दुपारची वेळ होती. धनुबाई अंगणात तूर निवडत होती. निर्मला आतल्या दाराशी, पदर ओढून. सुकलाल बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, “काकी, रामसिंगना ठावठिकाना नही. फौजले बी माहीत नही, तो जिवत शे का नही.”

बाईचे हात थांबले. “तूच तं सांगं, गाडीमा बसना.”

“ते मी खोटं सांगं. पयले दिन चुकनू, मंग मुद्दाम खोटं सांगं. तुन्हा तोंडकडे देखीसन मन्हा तोंडमाथीन खरं निंघेच ना.”

“रेडिओनी नही सांगं?”

“नही.”

“तू सांगं?”

“मी सांगं, काकी.” त्यानं तिच्या पायाशी डोकं टेकवलं.

धनुबाई रडली नाही. ओरडलीही नाही. सुपातले खडे वेचून बाजूला टाकले आणि शांतपणे म्हणाली, “तवय खोटं बोलना. मंग तुन्हं आजनं बोलनं मी कशावरथीन खरं मानू?”

“कागद शे, काकी.” त्यानं माझ्या हातातला लखोटा दाखवला.

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या गावात आठ वर्षं काढली मी, पण कोणी माझ्याकडे तसं बघितलं नाही. “गुरजी, तुम्ही तवय तठेच बसेल व्हतात. तुमले समजे. बोलनात का नही?”

मी लखोट्याची घडी घातली. सुकलालनं निदान कबूल तरी केलं होतं. त्या कबुलीनंच त्याचा शब्द गेला होता, आणि माझा तर कधी नव्हताच. गावात खरं सांगू शकणारी दोन माणसं होती, ती दोन्ही तिच्या अंगणात उभी होती आणि दोन्ही फुकट होती.

धनुबाई उठली. घरातून कुंकवाची डबी आणली. निर्मलाचा पदर मागं सारला आणि आमच्या देखत तिच्या कपाळावर अंगठ्यानं ठसठशीत कुंकू लावलं. “मन्हा आंडोर, मन्हा रामसिंग येवाव शे,” एवढंच म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

आम्ही कुंपणापाशी आलो तेव्हा मागून आवाज आला. निर्मला होती. गावातल्या मोठ्या माणसांशी ती कधी बोललेली नव्हती, त्यामुळं तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

“सुकलालआबा, मी दोंडाईचानी शाळामा शिकेल शे. रेडिओ मले समजे. माघार म्हनजे काय, ते मले पयलेच दिन समजनं.”

सुकलाल तिच्याकडे वळला. “मंग बोलनी का नही, बेटी?”

“तुम्ही सांगेत, तवढा टाईम मले बी खरं वाटे.”

ती वळून आत गेली. सुकलाल कुंपणाला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं करगोट्याची किल्ली सोडून सरपंचापुढं ठेवली. रेडिओ माझ्याकडे आला. मी बातम्या अगदी खऱ्या सांगायचो, आणि ओट्यावर चारपाच माणसं असायची. सुकलालकडे दवंडी तेवढी राहिली, पण तीही तो आता पंचायतीचा कागद पाठ करून देऊ लागला. एक शब्द इकडचा तिकडं नाही. लोक विचारत, “म्हनजे काय, सुकलाल?” तो डफ खांद्याला अडकवून पुढच्या गल्लीत निघून जाई.

निर्मलाचे वडील दोनदा तिला न्यायला आले. धनुबाईनं पाठवलं नाही, आणि तीही निघाली नाही. मी सदुसष्ट साली बदली होऊन त्या गावातून निघालो, तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि रोज सकाळी सासूपुढं कपाळावर कुंकू लावत होती.