प्रमोद भाऊजींचे अकरा पॉइंट

त्या शनिवारी भाऊजी चारच्या सुमारास ग्राउंडवरनं घरी आले. दारात बूट काढले आणि लगेच परत घातले, कारण शकुताई पिशवी घेऊन उभीच होती. दूध संपलेलं, कोथिंबीर संपलेली. त्यांच्या घरापासनं ऑकलंडमधला बॉटनी भागातला मॉल गाडीनं पाच मिनिटं. गाडी चालू झाल्या झाल्या ताईनं विचारलं, "अर्ज दिला का?"

"देतो की. पाचपर्यंत टाइम आहे."

"दुपारभर त्या लोरेनबाईच्या शेजारीच उभे होता ना? मग हात पुढं करायला काय झालं?"

"गर्दी होती गं."

"कसली गर्दी? तुमच्या मॅचला येतात त्याच्या दुप्पट बायका आपल्या गल्लीत हळदीकुंकवाला येतात."

भाऊजी हसले. पार्किंगमध्ये गाडी लावली आणि म्हणाले, "तू जा. मी बसतो इथंच. छातीत गॅस धरल्यागत झालंय." ताई म्हणाली, "ग्राउंडवरचं सॉसेज खाल्लं असणार. सोडा आणते." ती गेली. काउंटरला लाइन होती, वीस मिनिटं लागली. आली तेव्हा भाऊजींची सीट मागं केलेली, चष्मा समोर काढून ठेवलेला. ताईला वाटलं डोळा लागला. तिनं सामान मागं ठेवलं, शेजारी बसली, बेल्ट लावला आणि म्हणाली, "चला." मग परत म्हणाली, "अहो, चला की."

शेजारच्या गाडीतला एक गोरा माणूस धावत आला. त्यानं भाऊजींना खाली घेतलं, छाती दाबत राहिला. ॲम्ब्युलन्स लगेच आली. पण व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. वय सेहेचाळीस. २०१७ चा ऑगस्ट.

आमचे प्रमोद भाऊजी कोल्हापूरचे. तिथल्या पोरांना चालायला यायच्या आधी फुटबॉल येतो. तिथं फुटबॉलच्या टीम तालमींच्याच; आपल्या तालमीच्या दुसऱ्या टीममध्ये ते लेफ्ट बॅक खेळायचे. लय भारी खेळायचे असं काही नाही, पण सगळ्यांच्या आधी मैदानावर येणार आणि शेवटी जाणार, जाताना गोलच्या जाळ्या गुंडाळून खांद्यावर टाकणार. २००४ साली डिप्लोमाला म्हणून न्यूझीलंडला गेले. कोर्स हॉटेलचा केला, काम केलं पेट्रोल पंपावर, आणि पुढं माउंट वेलिंग्टनच्या एका टायरच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला लागले ते शेवटपर्यंत. लग्न करून ताईला नेलं. सिद्धी तिकडंच झाली.

तिकडं सगळं रग्बीचं. फुटबॉल म्हटलं की लोक म्हणायचे, सॉकर का, पोरं खेळतात ते? भाऊजींनी शोधून शोधून एक क्लब काढला. कोटारे. कोटारे म्हणजे तिकडचा खंड्या पक्षी. पहिल्याच दिवशी गेले तर गेटवर माणूस कमी होता. लोरेन म्हणून सेक्रेटरी बाई, सत्तरीची, तिनं विचारलं, जरा उभा राहशील का? भाऊजी उभे राहिले ते सहा वर्षं.

गेटवर काम असं. प्रत्येक मेंबराला एक कार्ड. आत येताना ते मशीनला टेकवायचं, टूक आवाज येतो, एक पॉइंट जमा. घरच्या मॅचला एक, बाहेरगावच्या मॅचला दोन. मेंबरशिप वेळेत केली की वर्षाचे तीन. क्लबच्या वार्षिक मीटिंगला बसलं की एक. तीन वर्षांचे पॉइंट धरतात. एरवी त्याला कुणी विचारत नाही, कारण बाहेरगावी जातंय कोण? पण एखादी मोठी मॅच आली आणि समोरच्या क्लबनं तिकिटं मोजून दिली की मग यादी लागते. ज्याचे पॉइंट जास्त, तो आधी.

भाऊजींच्या हातात मशीन. मॅच एक वाजता असली तर हे बाराला हजर. बाजूच्या फाटकातनं आत, पिवळं जॅकेट अंगात, मग मशीन चालू करायचं. हाफ टाइमपर्यंत उशिरा येणारे येतच राहायचे. नंतर गेटच्या वहीत आकडे आणि आपलं नाव लिहायचं, मशीन पेटीत ठेवायचं, पेटी ऑफिसात द्यायची. एवढं होईपर्यंत शेवटची वीस मिनिटं उरायची. तेवढीच मॅच. बाकी सगळी मैदानाकडं पाठ करून, आरडाओरड्यावरनं ओळखायची. ताईला सांगायचे, "आज दोन गोल ऐकले."

आणि ह्या सहा वर्षांत त्यांनी स्वतःचं कार्ड मशीनला एकदासुद्धा टेकवलं नाही. पाकिटात होतं. आठवणच झाली नाही म्हणायचे. गेटवर काम करणाऱ्यांसाठी एक कागद असायचा, त्यावर सही केली की त्या दिवसाचा पॉइंट मिळायचा. ती सहीही नाही. ताई एकदा ओरडली तर म्हणाले, "जाळ्या गुंडाळायला कधी सही केली होती काय?"

स्वतःचं नाही टेकवलं, पण सुशीलचं टेकवलं.

हा सुशील पण कोल्हापूरचा, पण पलीकडच्या पेठेतला. तिकडं असते तर पेठापेठांतल्या फुटबॉलच्या चुरशीपायी दोघांनी एकमेकांकडं बघितलं नसतं. ऑकलंडमध्ये मात्र घरचा झाला. आयटीत होता, पगार बरा, वेळ नाही. मेंबरशिप भाऊजींच्या आग्रहानं घेतलेली. पहिल्या वर्षी दोन-तीनदा आला. मग एक दिवस कार्ड भाऊजींच्याच हातात दिलं. "पम्या, मला जमत नाही रे दर वेळी. तू तिथं असतोसच. टेकव की."

"तसं चालत नाही बघ."

"कोण बघतंय? का पलीकडच्या पेठेला पॉइंट नाहीत तुमच्या राज्यात?"

भाऊजींना नाही म्हणता आलं नाही. आपल्या गावचा माणूस, एवढ्या लांब, एवढंसं मागतोय. मशीन चालू केलं की पहिलं कार्ड सुशीलचं. टूक. सतरा वेळा.

आणि त्या वर्षी कोटारे सेमीफायनलला गेलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा, असं लोरेन म्हणाली. मॅच टौरंगाला, रविवारी. तिथलं ग्राउंड लहान, कोटारेला नव्वद तिकिटं. भाऊजी गोडाऊनमध्ये महिनाभर आधी सांगून आले, त्या रविवारी ओव्हरटाइम नको. ताईला म्हणाले, "बस करून जायचं, अडीच तास. आणि तिथं आपलं गेट नाही. दुसऱ्याचं गेट. मी नव्वद मिनिटं खुर्चीवर बसणार. पहिल्या शिट्टीपासनं." ताई म्हणते, लग्नाला उभं राहतानासुद्धा एवढा उल्हास नव्हता.

मॅचच्या दोन आठवडे आधी, गुरुवारी यादी आली. सिद्धीनं मोबाईलवर काढून वाचली. वरनं खाली गेली, परत खालनं वर आली. "डॅड, यू आर नॉट देअर."

"नीट बघ."

"यू ओन्ली हॅव इलेव्हन."

अकरा. तीन वर्षांच्या मेंबरशिपचे नऊ आणि मीटिंगांचे दोन. शेवटच्या तिकिटाला सत्तावीस लागले होते. सिद्धी म्हणाली, सुशीलकाका इज एटी-फोर. चौऱ्याऐंशी नंबर, एकोणतीस पॉइंट.

ताई बोलली. ताई जे बोलली ते मी लिहीत नाही. यादीच्या खाली लिहिलं होतं, चूक असेल तर शनिवारी पाचपर्यंत लेखी कळवा. ताईनं सिद्धीला बसवलं आणि अर्ज टाइप करून घेतला. तीन सीझनमध्ये तेहतीस मॅचला गेटवर उभा होतो, वहीत माझं नाव आहे, ते पॉइंट धरावेत. सोपं काम. तेहतीस आणि अकरा चव्वेचाळीस, म्हणजे वरच्या पाचात.

भाऊजींनी कागद घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला. ताईला म्हणाले, "लोरेन मशीनची नोंद काढणार. मी गेट उघडलं की पहिलं कार्ड कुणाचं, ते बघणार. सुशीलचं तिकीट जाईल. चारचौघांत नाव जाईल त्याचं."

"आणि तुमचं तिकीट गेलं ते?"

"तो फोन करेल. त्याला कळेल की. आपल्या आपण म्हणेल."

शुक्रवारभर फोन आला नाही. शनिवारीही आला नाही. ताईला आजही वाटतं, त्या गाडीत वीस मिनिटं ते फोनचीच वाट बघत होते. मला नाही वाटत. माणसाला छातीत दुखत असताना तिकीट आठवत नसतं. पण तिला वाटतं.

सगळं झालं. इकडनं कुणाला वेळेत जाता आलं नाही, व्हिसाच नाही. मोबाईलवर बघितलं आम्ही. गोडाऊनमधले सामोआ बेटांवरचे लोक आले होते, त्यांनी दाराशी उभं राहून गाणं म्हटलं, एवढं सुंदर की आमची आई इकडं रडायची थांबली आणि ऐकत बसली.

तिसऱ्या दिवशी सुशील ताईसमोर येऊन बसला. पहिल्या दिवसापासनं तोच सगळं करत होता. कागदपत्रं, गाड्या, जेवण. ताई त्याच्याशी धड बोलत नव्हती. तो म्हणाला, "वहिनी, माझ्याकडनं काही चुकलंय का?"

हॉस्पिटलातनं आलेली कपड्यांची पिशवी कोपऱ्यात होती. ताईनं अर्ज काढून त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला. परत वाचला.

"हे कधीचं?"

"गुरुवारचं."

"मग दिलं का नाही यानं?"

ताई म्हणाली, "सुशीलभाऊ, तुम्ही कधी आकडा बघितला का तुमचा? एकोणतीस. तीन मॅचला गेलेल्या माणसाचे एकोणतीस कसे होतात?"

त्यानं अर्ज टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मी यादी उघडलीच नाही वहिनी. तिकीट मिळालं असा मेसेज आला, मला वाटलं सगळ्या मेंबरांना देतात. मी त्याला सांगणार होतो, शनिवारी भेटलो की सांगणार होतो, दोघं मिळून जाऊ म्हणून."

खरं बोलला की काय देव जाणे. ताई म्हणते, खरंच बोलला, तोंडच उतरलं त्याचं. सिद्धीनं त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिस सोडून लोरेनकडं गेला आणि सांगून आला की माझे सतरा पॉइंट खोटे आहेत, काढून टाका. कमिटी बसली. त्याचं तिकीट परत घेतलं, मेंबरशिप एक वर्ष बंद केली. तो सही करून आला.

मग लोरेन स्वतः घरी आली. येताना फुलं आणि गेटची वही. ताईचं इंग्लिश माझ्यासारखंच, सिद्धी मध्ये बसली. लोरेननं वही उघडून दाखवली, प्रत्येक पानावर प्रमोद, प्रमोद, प्रमोद. म्हणाली, ही चूक त्याची नाही, माझी. मी सहा वर्षं त्याला रोज थँक यू म्हटलं आणि एकदाही विचारलं नाही की तुझं कार्ड लावलंस का. मग म्हणाली, तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही, नियम आहे, पण कमिटीनं ह्या वेळेला सोडलाय. सुशीलचं जे तिकीट परत आलं ते तुझ्या नावावर करतो. तू ये.

ताईला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून माहीत नाही. सिद्धीला म्हणाली, "त्यांना विचार, यादीत पुढचा कोण आहे."

लोरेननं बघितलं. एक्क्याण्णव नंबर, एक म्हातारा, सव्वीस पॉइंट, एका पॉइंटानं राहिलेला.

"मग त्याला द्या. त्यानं मोजून मिळवलेत."

लोरेन म्हणाली, आर यू शुअर? ताई म्हणाली, "शुअर, शुअर." आणि चहा टाकायला उठली.

तो रविवार आला तेव्हा पंधरा दिवस झाले होते. घरातली माणसं आपापल्या कामाला लागली होती. दुपारी एकला सुशील आला. कशाला आला ते सांगितलं नाही, ताईनं विचारलं नाही. सिद्धी आत अभ्यास करत होती. ताई मटार सोलत होती. तोही बसला आणि मटार सोलायला लागला. टीव्ही बंद. मोबाईल त्यानं खिशातनं काढलाच नाही. टौरंगाला मॅच चालू झाली असेल, हाफ टाइम झाला असेल, हे दोघांना कळत होतं, पण बोललं कुणी नाही. एकदा सुशील म्हणाला, "वहिनी, ह्यात अळी आहे." ताई म्हणाली, "टाका तिकडं."

तीन वाजून गेले तेव्हा ताईनंच विचारलं, "काय झालं बघा."

त्यानं मोबाईल काढला. बघितला. "हरलो. तीन-शून्य."

"तीन?"

"पहिल्या वीस मिनिटांतच तीन."

ताईला एकदम हसायला आलं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. "सहा वर्षांनी माणूस खुर्चीवर बसला असता," ती म्हणाली, "आणि हे बघितलं असतं."

सुशीलही हसला, आणि मग त्याला रडू आलं, तिच्यासमोर पहिल्यांदा. ताईनं त्याला रडू दिलं. टरफलं गोळा केली, पातेलं उचललं आणि आत जाता जाता म्हणाली, "मटारभात टाकते. जेवूनच जा."