कुमारिकेची सोनोग्राफी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तापानं मला असं धरलं की तो सोडायचं नाव घेईना. सकाळी मी कॉलेजच्या एसटीला उभी राहायची आणि दुपार कलली की हुडहुडी भरायची. दोन वाकळा अंगावर टाकल्या तरी दात वाजायचे. कळस गावच्या डॉक्टरांनी सुया टोचल्या, सलाईन लावलं. टायफॉइड समजून औषध झालं, मलेरिया समजून झालं. रक्तात काही सापडत नव्हतं आणि मी वाळत चालले होते. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि मी कळवळले.

"आजच सोनोग्राफी करून घ्या," ते म्हणाले. "लिव्हरमध्ये गळू असेल आणि ते आत फुटलं, तर पोरगी हातची जाईल."

सोबत आत्या होती. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं या विधवा आत्यानं. गळू फुटायची भीती राहिली बाजूला, तिला धास्ती बसली ती सोनोग्राफीची. आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाई, आणि मुलगा का मुलगी. ते यंत्र आणखी कशाला लागतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. बिनलग्नाची पोरगी तिथल्या बाकावर दिसली की झालंच तिचं भलं.

"तितं न्हाय जायाचं," आत्या म्हणाली. "लगीन ठरायचं हाय तुजं. लोक काय म्हनतील?"

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले झाडून सगळे देव पाण्यात सोडले होते. 'लोक काय म्हणतील' हा एक तेवढा राहून गेला होता, आणि आत्या त्याची पूजा मन लावून करायची. ती मला तशीच घरी घेऊन आली. त्या दिवशी ताप एवढा चढला की मी तिलाच आई म्हणून हाका मारल्या म्हणे. सकाळी तिनं पेटी उघडली आणि नवरा गेल्यापासून आत ठेवलेली काळ्या मण्यांची पोत बाहेर काढली.

"ही घाल आन् चल. कुनी इचारलं तर सांग, मालक मिल्ट्रीत हायती."

मी घातली. अंगात वाद घालण्याएवढं बळ नव्हतं.

सोनोग्राफीच्या बाकावर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. बऱ्याच जणींच्या पदराला आधीच्या मुली धरून होत्या. शेजारचीनं माझी पोत बघितली, मग पोट बघितलं आणि विचारलं, "कितवा म्हयना?"

माझं डोकं फिरलं. मी मरायला टेकले होते आणि मरताना एका खोट्या नवऱ्याची अब्रू सांभाळत होते! मी पोत काढून आत्याच्या मुठीत दिली.

"म्हयना न्हाय मावशी, ताप हाय," मी सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले. "आन् लगीनबी झाल्यालं न्हाय."

आत्यानं पदर तोंडावर ओढला. बाकाच्या टोकाला सांगवीची एक ओळखीची बाई होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मीही तिच्याकडे बघितलं. नजर मी खाली घातली नाही.

आत डॉक्टरांनी पोटावर गार जेली लावली. पडद्यावर लिव्हर करड्या रंगाचं दिसत होतं आणि त्यात मोसंब्याएवढा काळा गोळा. इतके दिवस मला जाळणारं ते समोर होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. पडद्यावर बघत बघतच त्यांनी सुई घातली आणि विटकरी रंगाचा पू ओढून काढला. आत्या माझे पाय धरून उभी होती आणि सगळं बघत होती. औषधं सुरू झाली आणि हळूहळू ताप उतरला.

माझ्या आधी बातमी गावात पोचली होती. पुढं सांगवीचे पाहुणे मला बघायला आले. पोह्यांच्या ताटल्या हातात गेल्या आणि मुलाच्या आईनं गोड आवाजात विचारलं, "बारामतीला सोनोग्राफी केलीती म्हनं?"

वडील सतरंजीकडे बघत राहिले. मी आत गेले, सोनोग्राफीचा फोटो आणला आणि तिच्यापुढं धरला. "हे माझं लिव्हर. हा काळा गोळा दिसतोय ना, त्यात पू होता."

तिनं फोटो हातात घेतला नाही. "आसंलबी. आतलं कुनाला ठावं?"

तेवढ्यात आत्यानं माझ्या हातातून फोटो घेतला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "म्या तितं हुबी व्हते. पातेलंभर पू निगाला, ह्या डोळ्यांनी बगितलाय. आमच्या पोरीचं आतलं समदं बगून झालंय. तुमच्या पोराचं आतलं कुनी बगितलंय?"

पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले. ते नंतर आत्यानं आणि मी मिळून खाल्ले.