न उमटणारी अक्षरं

रोज सकाळी पावणेदहाला महामाया वाघमारे संगणक प्रयोगशाळेचं कुलूप काढायच्या, चपला दारात ठेवायच्या आणि पहिल्या संगणकापाशी जायच्या. रात्री खिडकीतून शिरलेल्या कबुतराची पिसं फडक्यानं झाडायच्या, संगणक सुरू करायच्या आणि कीबोर्डवर इंग्रजीत आपल्या माहेरच्या गावाचं नाव टाकायच्या. हदगाव. सगळी अक्षरं उमटली की पुढचा संगणक. बावीस संगणक, बावीस वेळा हदगाव. कीबोर्ड जुने. एखादं अक्षर उमटलं नाही की त्या ते पुन्हा दाबायच्या, उमटेपर्यंत दाबायच्या.

नांदेडच्या मुलींच्या कॉलेजात त्या लागल्या झाडलोटीला. बारावी झालेली आहे का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण मुली शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर अडल्या की झाडू भिंतीला टेकवून त्या मागे उभ्या राहायच्या. हळूच म्हणायच्या, "दाखल्याचा नंबर वरचा टाक, खालचा न्हाई." पुढे प्रयोगशाळाच त्यांच्याकडे आली. किनवटकडच्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुली फोन बदलायच्या, पासवर्ड विसरायच्या. महामाया मावशींच्या लाल वहीत सगळ्यांचे पासवर्ड लिहिलेले असायचे. मावशींनी भरलेला फॉर्म कधी परत आला नाही, असं मुली एकमेकींना सांगायच्या.

त्या वर्षी लातूरच्या एका संस्थेनं लिनक्स सर्व्हरचा वर्ग सुरू केला. शिकवणारे मन्मथ सर लातुरात आणि सर्व्हरही लातुरात. मुलींनी नांदेडहून त्यात शिरून काम करायचं. वर्ग पुरा करणारीला संस्था कामाला लावणार होती. जागा बावीस, मागं चाळीस जणींची यादी. प्रत्येकीच्या फोनवर तिचं खातं आणि एक तात्पुरता पासवर्ड आला. शुक्रवारी पाचच्या आत आत जाऊन तो बदलायचा. जिचं राहील तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. फोनवर ॲप टाकून केलं तरी चालेल, असं सर म्हणाले होते.

गुरुवारी दुपारी सहा जणी दारात उभ्या. पुढं इस्लापूरची शिल्पा.

"मावशी, तुमीच करा की. तो काळा पडदा बघितला की भ्या वाटतंय."

"आणि लातूरला जाऊन नोकरी कोण करणार? मीच?"

"तुमीच जा. आमी डबा पाठवतो." सगळ्या हसल्या. शिल्पाला गाडी गाठायची होती, घरी भाचीचं बारसं होतं. सहा पासवर्ड लाल वहीत उतरले.

मुली गेल्यावर मावशी बसल्या. शिल्पाचं खातं टाकलं. पडद्यानं पासवर्ड मागितला. त्यांनी पहिलं अक्षर दाबलं. काहीच उमटलं नाही. ठिपका नाही, चांदणी नाही. कीबोर्ड अडकला असेल म्हणून पुन्हा दाबलं, जोरात. असं करत प्रत्येक अक्षर दोनदा, तीनदा. मग पडद्यावर ओळ आली, परवानगी नाही. तीनदा तेच झालं. शिल्पानं चुकीचा सांगितला असेल, असं म्हणून त्यांनी दुसरीचा घेतला. मग तिसरीचा. संगणकही बदलून पाहिला. सहावं खातंही तसंच संपलं.

मग त्यांनी सरांनी पाठवलेला सूचनेचा कागद चष्मा लावून वाचला. पासवर्ड टाकताना अक्षरं दिसत नाहीत, घाबरू नये. पासवर्ड कुणालाही देऊ नये. तीनदा चुकल्यास खातं बंद होईल.

रात्री ताटातली भाकरी तशीच राहिली.

शुक्रवारी सकाळी मावशींनी एकाही कीबोर्डवर हदगाव टाकलं नाही. सोळा जणी आल्या, चाचपडत सर्व्हरमध्ये शिरल्या. प्रत्येक वेळी कुणीतरी "झालं, झालं!" म्हणून ओरडली की मावशी वहीतल्या सहा नावांकडं बघायच्या. शिल्पा सोडून बाकीच्या पाच जणी भिंतीशी उभ्या होत्या. खाती बंद पडलीत हे कळल्यापासून त्या मावशींच्या फोनकडं बघत होत्या.

सरांचा फोन बंद होता, कार्यशाळा होती म्हणे. अकराला बंद, एकला बंद. मावशी व्हरांड्यात जायच्या, लावायच्या, परत यायच्या. शेवटी पावणेचारला तिकडूनच आला.

"सहा खाती बंद दिसून राहिलीत, एकाच जागेवरून. कुणी केलं हे?"

"मी, सर."

"मुलींनी पासवर्ड दिले तुम्हाला? मग त्यांना वर्गात ठेवता येत नाही. नियम वाचलाय ना?"

मावशींनी दाराच्या फटीतून आत पाहिलं. भिंतीशी उभ्या पाचांतली पंचशीला नखं खात होती.

"त्यांनी दिले न्हाईत. मी मागितले. मोठ्या माणसाला न्हाई कसं म्हणणार लेकरं?"

"मग मला तुमच्यावर प्राचार्यांना लिहावं लागेल."

"लिवा, सर. पण आधी खाती उघडा. पाचला सव्वा तासच राहिलाय."

नवे पासवर्ड मुलींच्या फोनवर आले. मावशी हात मागं बांधून उभ्या राहिल्या, कीबोर्डला शिवल्या नाहीत. "उमटत न्हाई मावशी!" पंचशीला रडवेली झाली. "उमटणारच न्हाई. न दिसता पडतंय ते. एकदाच दाब, पुन्हा दाबू नको." साडेचारला पाचही जणी आत, पासवर्ड बदलून.

राहिली शिल्पा. फोन तिसऱ्यांदा लागला तेव्हा मागं बारशाचा गलका.

"आलाय मेसेज. सांगू का मावशी? टाका तुमीच, इथं नेट चालत न्हाई."

वही समोरच होती. पेनही. पाचला बावीस मिनिटं.

"मला सांगू नको," मावशी म्हणाल्या. "गच्चीवर जा. ॲप उघड. दिसलं न्हाई तरी टाकत राहा. आता ठेव, बोलत असलं की नेट चालत न्हाई तुमच्याकडं."

फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की आता करायला काहीच उरलेलं नाही. इस्लापूरच्या कुठल्यातरी गच्चीवर एक पोरगी एकेक अक्षर दाबत असेल आणि तिथं त्या नाहीत. कॉलेजातल्या सोळा वर्षांत त्या प्रत्येकीच्या मागं उभ्या होत्या. पंचशीलानं पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं. घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून त्या घड्याळाकडंच बघत होत्या. पाचला सात मिनिटं. पाचला चार.

फोन थरथरला. शिल्पानं कुणाच्यातरी फोनवरून आपल्या पडद्याचा फोटो काढून पाठवला होता. काळ्या पडद्यावर पासवर्ड बदलल्याची ओळ, मग तिचं नाव, पुढं लुकलुकणारी एक छोटी रेघ, खाली बोटाची सावली.

पंचशीला खाली बसली आणि हसायला लागली. मावशी पाणी प्यायल्या, पेला पालथा ठेवला. सोमवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जावं लागेल, हे त्यांना ठाऊक होतं. लाल वही त्यांनी नेहमीसारखी कपाटात ठेवली नाही, पिशवीत घातली. दिवे बंद केले, दारातल्या चपला पायात सरकवल्या, कुलूप हातात घेतलं आणि वळून म्हणाल्या,

"मधली खिडकी लावली का गं? कबुतर शिरतंय रात्रीचं."